दुसरा कप

दिग्दर्शकाच्या त्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नाही, त्याला आता तीसेक वर्षं होऊन गेली होती. पत्र जेमतेम चार ओळींचं. ‘तुमची गोष्ट दार लागतं तिथे संपते. मला कॅमेरा दाराच्या आत ठेवायचा आहे. दार लावून घेतल्यावर ती बाई काय करते? तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून विचारतो.’

ठाऊक असेलच, या दोन शब्दांनी घात केला. कारण ग्रंथपालांना ठाऊक नव्हतं.

गोष्ट त्यांच्या एकुलत्या एका कथासंग्रहातली होती. घर सोडून गेलेला नवरा खूप वर्षांनी परत येतोय असा निरोप येतो. बायको घर आवरते, दोन कपांत चहा ओतून ठेवते. तो दारात येऊन उभा राहतो. ती त्याच्याकडे एकदा नीट बघते आणि दार लावून घेते. झालं. पुस्तकाच्या शंभरेक प्रती खपल्या, बाकीच्या माळ्यावर गेल्या. पण त्यातली एक कुठून तरी दिग्दर्शकाच्या हाती लागली आणि त्याने रीतसर परवानगी घेऊन त्या गोष्टीचा चित्रपट करायला घेतला. पत्र आलं ते त्यानंतर.

ग्रंथपालांनी पुष्कळ डोकं खाजवलं. ती रडते? रडायचं असतं तर दार कशाला लावलं असतं. हसते? मग नाटकच झालं. दाराला पाठ टेकून उभी राहते? ते तर प्रत्येक चित्रपटात असतं. शेवटी लाजाळू माणूस करतो तेच त्यांनी केलं. मूग गिळून बसले. उद्या लिहू, रविवारी लिहू, असं करता करता चित्रपट तयार होऊन थिएटरात लागलासुद्धा.

पडद्यावरच्या बाईने दार लावलं. मागे येऊन खुर्चीवर बसली. आपला चहा प्यायली. मग समोरचा दुसरा कप अलगद स्वतःकडे ओढला आणि तोही प्यायला लागली, सावकाश, तळापर्यंत. दाराखालच्या फटीत त्या माणसाची सावली दिसत होती. कप रिकामा झाला तेव्हा सावली नव्हती. एवढंच. संगीत नाही, संवाद नाही. अख्ख्या थिएटरात कुणी खाकरलंसुद्धा नाही.

ग्रंथपाल मात्र आतून असे पेटले की त्यांना स्वतःचीच भीती वाटली. कोणी आपलं मूल पळवून नेलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. इथे त्याने मूल नेलं, न्हाऊमाखू घातलं, चांगले कपडे चढवले आणि वर सगळ्यांना सांगत सुटला की हे यांचंच.

आणि लोकांनी ते खरं मानलं. ‘काय सुचलंय हो तुम्हाला, ते दोन्ही कप पिणं!’ असं वाचनालयाच्या पायरीवर पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, तेव्हा ग्रंथपाल नुसतं ‘हं’ म्हणाले. ते ‘हं’ खरोखर संकोचाचं होतं. दुसऱ्यांदा सवयीचं झालं. त्यानंतर मात्र ते आयत्या बिळावरचे नागोबा होऊन बसले. बीळ बोचत होतं, पण उठवत नव्हतं.

आता ते निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता. दात एकेक करून रजा घेत होते. त्यातल्याच एकाच्या निरोपासाठी ते दंतवैद्याच्या खुर्चीत आडवे पडले होते. हा दंतवैद्य गावातल्या चित्रपट मंडळाचा चिटणीस होता.

“काका, आपण दिग्दर्शकांचा गौरव करतोय,” त्यांच्या तोंडात आरसा घालून तो म्हणाला. “ते स्वतः आता प्रवास करत नाहीत. पण आपण पुस्तिका काढतोय, सभागृहात एक चित्रपट दाखवतोय. पुस्तिकेत त्यांच्या सर्वांत चांगल्या चित्रपटांवर एक मोठा लेख हवा. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?”

“आँ,” ग्रंथपाल म्हणाले.

“नाही म्हणू नका.”

“आँ… आँ.”

“बघा, होकारच आला. चूळ भरा.”

ग्रंथपालांची बायको बाहेर बसली होती. ती एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि निवृत्त झाली तरी शाळा तिच्यातून निवृत्त झाली नव्हती. रस्त्यावर येताच म्हणाली, “दात एक काढला आणि काम एक बसवलं. चांगला आहे डॉक्टर.”

“मला जमेल असं वाटत नाही.”

“तुम्हाला कधी काय जमेल असं वाटलंय? लग्नाच्या वेळीही हेच म्हणाला होतात.”

मग पुढचे काही दिवस दुपारचं जेवण झालं की दोघं पडदे ओढून टीव्हीसमोर बसू लागले. ग्रंथपालांच्या मांडीवर कागद, बायकोच्या मांडीवर उशी.

पहिला पाहिला तो लिफ्टवाल्याचा. हा माणूस आयुष्यभर एका उंच इमारतीची लिफ्ट चालवतो, पण कुठल्याच मजल्यावर कधी उतरलेला नाही. त्याच्या मुलीला त्याच इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर नोकरी लागते. ती त्याला घेऊन जाते तेव्हा तो पहिल्यांदाच लिफ्टमध्ये पाहुण्यासारखा उभा राहतो आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाही. बटणं दुसराच कोणी दाबत असतो ना. ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला.

“सर्दी झाली का?” बायकोने विचारलं.

“धूळ आहे खोलीत.”

दुसऱ्या दिवशी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दोन भावांचा. दुकानाच्या मधोमध फळी ठोकतात आणि बोलणं टाकतात. भांडण कशावरून झालं हे दिग्दर्शक शेवटपर्यंत सांगत नाही आणि बघणाऱ्यालाही विचारावंसं वाटत नाही. फक्त एका भावाच्या बाजूची घड्याळं जरा पुढे असतात, आणि दुसरा रोज रात्री घरी जाताना आपलं मनगटावरचं घड्याळ त्या घड्याळांशी जुळवून घेतो. मग कोर्टातल्या दुभाष्याचा. आरोपी बोलतो ते त्याने जसंच्या तसं बोलायचं, म्हणजे खुनाची कबुलीसुद्धा ‘मी’ म्हणूनच द्यायची. घरी गेल्यावर त्याची लेक त्याच्या मांडीवर बसत नाही. मग बदली शिक्षिकेचा, जो बघताना बायको एकदाही मधे बोलली नाही. शेवटी फक्त म्हणाली, “बाईने खडू धरलाय तो खरा धरलाय.” पाचवा म्हातारपणी पोहायला शिकणाऱ्याचा. त्यात तो पाण्यात उतरायलाच चित्रपटाचा पहिला अर्धा भाग घेतो आणि तरी कंटाळा येत नाही.

ग्रंथपाल भारावून जात, आणि भारावून गेले की त्यांच्या पोटात दुखू लागे. याला हे दिसतं कसं? लिफ्टवाल्याचे हात त्यांनीही जन्मभर पाहिले होते. आपण आयुष्यभर पुस्तकांमध्ये बसलो, दहा हजार गोष्टी हातांखालून गेल्या, आणि हा माणूस नुसता माणसांकडे बघून असं काही उचलतो की आपण पुस्तकातून डोकं वर का काढलं नाही असं वाटावं. हेव्याची एक गंमत असते. ज्याचं काम नीट समजतं त्याचाच हेवा वाटतो. गाण्यातलं काही कळत नसे म्हणून कुठल्या गवयामुळे त्यांची झोप कधी उडाली नव्हती.

लेख झाला. बायकोने लाल पेन हातात घेऊन वाचला.

“लेखात ‘पण’ फार झालेत.”

“समतोल असावा म्हणून.”

“हा समतोल नाही, ही जळजळ आहे. औषध घ्या,” ती म्हणाली. मग कागद मागे-पुढे करून बघितले. “पाचच? आपला कुठाय?”

“आपला म्हणजे?”

“दाराचा.”

“स्वतःच्या गोष्टीवरच्या चित्रपटाची आपणच वाहवा कशी करायची? बरं दिसत नाही ते.”

“हे लोकांना सांगा. मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून बघितलाय तो. बाहेर आलात तेव्हा चेहरा लिंबू चोखल्यासारखा होता.”

ग्रंथपालांनी कागद गोळा केले. त्यांना पक्कं माहीत होतं की सगळ्यांत चांगला तोच आहे. आणि चांगला आहे तो नेमका तिथे, जिथे त्यांची गोष्ट संपते. हे लिहायचं म्हणजे तीस वर्षांचं ‘हं’ परत घ्यायचं. त्यांनी पाचांवरच लेख पाठवून दिला.

गौरवाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. दंतवैद्य माइकसमोर उभा राहिला.

“पुस्तिकेतल्या लेखात एक चित्रपट नाही,” तो म्हणाला. “लेखकाच्या स्वतःच्या गोष्टीवरचा. का नाही, ते आपण ओळखलंच असेल. आजकाल लोक नसलेल्या गोष्टींचं श्रेय घेतात, इथे एका माणसाने असलेलंही सोडलं. याला म्हणतात विनय. म्हणून मंडळाने ठरवलंय की आज दाखवायचा तो तोच चित्रपट.”

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या ग्रंथपालांना खुर्चीसकट खाली जावंसं वाटलं. त्यांचा जळफळाट लोकांनी नम्रता म्हणून चौकटीत घालून भिंतीवर टांगला होता. बायको टाळ्या वाजवत नव्हती. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती, आणि तिला हसू आवरत नसलं की ती पर्समध्येच काहीतरी शोधते हे त्यांना ठाऊक होतं.

दिवे गेले. पुन्हा ते घर, ते दार, ती खुर्ची. पुन्हा दुसरा कप. इतक्या वर्षांनीही सभागृह तसंच गप्प झालं. आणि या वेळी ग्रंथपालांना काहीतरी वेगळंच दिसलं. ती बाई सूड म्हणून तो चहा पीत नव्हती, दुःखानेही पीत नव्हती. तिला चहा हवा होता. इतकं साधं होतं ते.

बाहेर पडताना लोक भोवती जमले. एका बाईने त्यांचा हातच धरला. “किती वेळा बघितलाय मी. ते दोन्ही कप पिणं. तुम्हाला सुचलं तरी कसं?”

ग्रंथपालांनी तोंड उघडलं. ‘हं’ ओठांपर्यंत आलंही होतं.

“चहा थंड होतो म्हणून,” शेजारून बायको म्हणाली.

ती बाई हसली आणि गर्दीत पुढे गेली. ग्रंथपाल मात्र तिथेच थांबले. रस्त्याला लागल्यावर त्यांनी विचारलं, “थंड होतो म्हणजे? काय बोललीस ते?”

“काही नाही. चला, पाय दुखतात माझे.”

“अगं, सांग.”

तिने त्यांचं कोपर धरलं. मग म्हणाली, “तेव्हा दिग्दर्शकांचा फोन आला होता. तुम्ही वाचनालयात होतात. म्हणाले, पत्राला उत्तर नाही आलं. मी म्हटलं, ते विचार करताहेत, त्यांना वेळ लागतो. तर म्हणाले, तुम्ही वाचलीय का गोष्ट? म्हटलं, हस्ताक्षरात वाचलीय, तीनदा. मग म्हणाले, तुम्हीच सांगा, दार लावल्यावर ती काय करेल?”

“आणि तू सांगितलंस.”

“त्यांनी विचारलं, मी सांगितलं. दोन कप भरून ठेवलेत, थंड होतील. ती आपला पिईल, मग त्याचा पिईल. ओतून टाकायला काय, दूध फुकट येतं? ते आधी हसले. मग बराच वेळ बोललेच नाहीत. मला वाटलं लाइन गेली.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही कधी विचारलंत?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हजेरी घेताना असतो तसा सपाट होता. “आणि चित्रपट बघून बाहेर आलात तेव्हा ते लिंबाचं तोंड. म्हटलं, आता यांना सांगायचं म्हणजे जखमेवर मीठ. मग तुम्ही लोकांपुढे ‘हं’ म्हणायला लागलात. मग तर राहूनच गेलं. पण कप तुमचेच होते हो. तुम्हीच भरून ठेवलेत आणि विसरून गेलात.”

घर येईपर्यंत ग्रंथपाल हिशोब करत राहिले. इतकी वर्षं एकाचा हेवा पुरत होता, आता एकाच दृश्यापायी दोघांचा वाटायला लागला. आणि दुसरी व्यक्ती तर त्यांच्याच शेजारून, त्यांच्या कोपराला धरून चालली होती. ही बाई रोज समोर बसून चहा प्यायची. गोष्ट अडली तेव्हा ते दहा पुस्तकं उघडून बसले होते, तिच्याकडे मान वळवून एकदाही विचारलं नव्हतं. ज्याने विचारलं तो दिग्दर्शक झाला.

सकाळी त्यांनी दंतवैद्याला फोन केला. “डॉक्टर, ते दोन्ही कप पिणं माझं नव्हे. तो शेवट मला सुचलेलाच नाही. मंडळाच्या पुढच्या पुस्तिकेत तसं छापा.”

दंतवैद्य गहिवरून म्हणाला, “काका, किती तो मोठेपणा.”

ग्रंथपालांनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. बायको आतून म्हणाली, “काय म्हणाला?”

“मोठेपणा म्हणाला.”

“भोगा आता.”

गावात कुणाला पटणार नव्हतं. पटेल असा माणूस एकच होता. ग्रंथपाल टेबलाशी बसले. तीन कागद फाडले, कारण तिन्हींत ‘पण’ आला होता. चौथ्यावर लिहिलं:

‘तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. दार लावल्यावर ती काय करते, हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं लिहायची लाज वाटली. तुम्हाला उत्तर माझ्याच घरातून मिळालं, हे मला काल समजलं. तुमच्या चांगल्या चित्रपटांवर मी लेख लिहिला, त्यात पाच आले. सर्वांत चांगला त्यात नाही, कारण तो बघितल्यापासून मला तुमचा हेवा वाटतो. आजही वाटतो. त्या दृश्याचं श्रेय इतकी वर्षं मी खाल्लं, ते या पत्राने परत करतो. अर्धं तुमचं, अर्धं घरच्या मंडळींचं. माझे फक्त कप.’

बायकोने वाचलं. लाल पेन उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि खाली ठेवलं.

“पत्ता नीट लिहा,” ती म्हणाली. “अक्षर लावता येत नाही तुमचं.”

पत्ता तिनेच लिहिला. ग्रंथपाल चपला घालून निघाले. कोपऱ्यावरच्या पेटीपाशी नेहमीप्रमाणे मनात आलं की दुपारी टाकलं तरी चालेल, एकदा पुन्हा वाचून बघावं, ‘खाल्लं’ हा शब्द जरा उघडा वाटतो. मागे एक माणूस आपलं पाकीट हातात धरून उभा होता.

“टाकताय ना काका?” तो म्हणाला.

“हो,” ग्रंथपाल म्हणाले, आणि टाकलं.