डबल बेल

"घंटी झाली नाही गं अजून," चढाच्या माथ्यावरून ड्रायव्हरनं हाक दिली. तोंड मात्र समोर, रस्त्याकडेच.

ती अजून अर्ध्या चढावर होती. सायकलवरून उतरली होती, दोन्ही हातांनी हँडल धरून ढकलत होती आणि तोंडानं नवऱ्याचा उद्धार चालला होता. साठी ओलांडलेल्या बाईनं समुद्राकाठचे चढ चढायचे म्हणजे काय गंमत आहे? माथ्यावर पोचल्यावर ती दोन क्षण उभी राहिली, घाम पुसला आणि अंगठ्यानं सायकलची घंटी दोनदा वाजवली. ट्रिंग, ट्रिंग. ड्रायव्हरनं मान डोलावली, पॅडलवर पाय ठेवला आणि मागं न बघता निघाला.

हे असं पहिल्या दिवसापासून चालू होतं. ड्रायव्हर म्हणजे तिचा नवरा. सगळं आयुष्य शहरातल्या बसवर गेलं, म्हणून गल्लीत, नात्यात, दुकानात सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणत. बसमध्ये कंडक्टरनं एक घंटी दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. ड्रायव्हरनं मागं वळून बघायचं नसतं, त्यानं फक्त ऐकायचं असतं. नोकरी सुटली तरी सवय सुटली नाही. प्रवास सुरू झाला त्या सकाळी त्यानं तिला बजावलं होतं, "तू माझी कंडक्टर. डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलणार नाही." तिला तेव्हा हसू आलं होतं. जन्मभर शाळेचे गणवेश शिवत पायानं मशीन चालवलं आणि जागची हलली नाही, आता निदान पाय मारले की पुढं तरी जाईन, असं ती म्हणाली होती.

पण हा प्रवास काही हौसेचा नव्हता. ती एक पैज होती, आणि पैजेवर ड्रायव्हर लागलेला होता.

झालं होतं असं. नोकरीच्या शेवटच्या वर्षात एका दुपारी ड्रायव्हरनं भरलेली बस नेहमीच्या वळणावर वळवलीच नाही. सरळ नेली, ती कधीच्या बंद पडलेल्या जुन्या डेपोच्या फाटकाशी. आत प्रवासी आरडाओरडा करतायत, कंडक्टर घंटीवर घंटी मारतोय आणि हा शांतपणे फाटक उघडायची वाट बघत बसलेला. साहेबांनी सांभाळून घेतलं, टेबलाच्या कामावर बसवलं आणि गोडीगुलाबीनं घरी पाठवलं. मग तो घरातून बाहेर पडून चुकायला लागला. एकदा भाजीबाजारात सापडला, एकदा दुसऱ्याच कुणाच्या तरी जिन्यात बसलेला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि मुलगा कामाला लागला. त्यानं एक जागा शोधली. चांगली होती जागा, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. तळमजल्याची खोली, फिरायला अंगण, दिवसरात्र माणसं. फक्त फाटकाची कडी बाहेरून होती.

ती कडी तिनं पाहिली. घरी येऊन मुलाशी कडाक्याचं भांडण झालं. मी मेले की ठेव त्यांना तिथं, असंसुद्धा बोलून गेली. तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "मी रस्ते चुकतो म्हणतोस ना? लाव पैज. समुद्राच्या कडेकडेनं सायकलनं जातो, पार दीपगृहापर्यंत. समुद्र उजव्या हाताला ठेवला की माणूस चुकेल कसा?"

मुलानं आईकडं बघितलं. दोन दिवसांत न्यायला या म्हणून फोन येईल, असा त्याचा हिशेब असणार. तो कबूल झाला, पण अट घातली. बाबांनी पुढं राहायचं, आईनं मागं, आणि आईनं रस्ता सांगायचा नाही. अवाक्षर नाही. दीपगृहापर्यंत आपल्या आपण पोचले तर बाबा घरीच राहतील, तो पुन्हा त्या जागेचं नाव काढणार नाही. नाही पोचले तर मात्र तिनं अडवायचं नाही.

आणि ड्रायव्हर चुकला नाही हो. तिला स्वतःला खरं वाटत नव्हतं, पण नाही चुकला. खाडी आडवी आली तर नावेची वाट बघत बसला, पलीकडं उतरला, परत समुद्र उजवीकडं घेतला. एका बंदराच्या गावात गोदामांच्या मागं रस्ता फुटला, समुद्र दिसेना, तेव्हा तिच्या ओठांवर शब्द आला होता. तिनं पदर तोंडात कोंबला. ड्रायव्हर थांबला, नाक वर करून वारा हुंगला आणि बरोबर फाट्याला वळला. त्या दिवशी तिनं मुलाला फोन करून ऐटीत सांगितलं, की तुझे बाबा चालत नाहीत, धावतायत.

जे सांगितलं नाही तेही होतं. उतरायच्या खोलीत सकाळी उठून तो न्हाणीघर शोधत कपाटाचं दार उघडायचा. नवी खोली, कुणालाही सापडणार नाही, असं ती स्वतःला समजवायची. खोलीच्या मालकिणीला त्यानं एकाच बैठकीत चारदा विचारलं, तुम्हाला मुलं किती. माणूस बोलका आहे, दुसरं काय. एकदा तो बराच वेळ तिच्या हातांकडं बघत राहिला आणि म्हणाला, छान शिवतेस हं तू. ती लाजली होती. नंतर तिच्या लक्षात आलं, की त्या वेळी तिच्या हातात सुई नव्हती, टूथब्रश होता. ते तिनं मनाच्या कोपऱ्यात ढकललं आणि वर कायकाय रचलं.

आज शेवटचा दिवस. सकाळी चहाच्या टपरीवर तिनं विचारून घेतलं होतं, स्वतःसाठी, त्याला सांगायला नव्हे. टपरीवाला म्हणाला, आता कसली वाट विचारता मावशी, एकच सडक आहे, एक टेकाड चढायचं की सरळ दीपगृह, फाटा नाही की फुटा नाही. तिचा जीव भांड्यात पडला. फाटाच नाही म्हटल्यावर चुकणार कुठं? वाटेत ती सायकल चालवता चालवता मनातल्या मनात घर लावायला लागली. खिडकीशी त्याची खुर्ची. दाराला आतून वरच्या बाजूला एक खिटी, त्याचा हात पोचणार नाही अशी. मशीन दाराजवळ ओढायचं, म्हणजे शिवताना लक्ष राहील. मुलगा महिन्यातून दोनदा आला तरी पुष्कळ.

टेकाड आलं. ती सवयीप्रमाणे उतरली आणि चालायला लागली. ड्रायव्हर वर जाऊन दिसेनासा झाला. या खेपेला हाक आली नाही. उतार मोठा असेल, गेला असेल पुढं, असं म्हणत ती माथ्यावर पोचली.

समोर जमीन जिभेसारखी निमुळती होत समुद्रात शिरली होती. मधोमध सडक, टोकाला पांढरं दीपगृह. उजवीकडं समुद्र होता आणि डावीकडंही समुद्र होता. इतक्या दिवसांत प्रथमच.

आणि ड्रायव्हर समोरून येत होता. तिच्या दिशेनं, आरामात, पाठ ताठ. ती जिभेसारखी जमीन अशी, की उलट वळलं तरी समुद्र उजव्या हातालाच. त्याच्या हिशेबानं काही चुकलं नव्हतं. तिच्याजवळून जाताना त्यानं हँडलवरची दोन बोटं उचलली. समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला करायचा तो तसाच नमस्कार, ओळख असो वा नसो. आणि पुढं निघून गेला.

सायकल तशीच वळवत ती ओरडली, "अहो!"

तो थांबला. पाय टेकवून वळला आणि अदबीनं म्हणाला, "मला म्हणालात?"

लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं त्याला दुसरी हाकच मारली नव्हती. अहो म्हणजे तोच. आज कळलं, की अहो म्हणजे रस्त्यावरचं कुणीही. आणि त्याच्या तोंडातलं ते 'म्हणालात'! हा माणूस तिच्याशी चिडून, लाडानं, तापात बरळतानासुद्धा बोलला तो अगं-तुगंनं. 'तुम्ही' तिचं होतं, त्याच्यासाठी राखलेलं. ते आज त्यानं तिलाच परत दिलं.

मग तोच जवळ आला. "तुम्ही इथल्याच का, बाई? जरा घोटाळा झालाय बघा. इकडं पण समुद्र, तिकडं पण समुद्र. असं कसं असेल?" मग आवाज खाली आणून, थोडं संकोचून म्हणाला, "आणि आमची ही दिसली का वाटेत? निळी सायकल आहे. चढाला उतरून चालते ती. मागं पडली असेल. घंटी नाही आली अजून तिची."

निळी सायकल दोघांच्या मध्ये उभी होती. त्यानं तिच्या हँडलवर हातही टेकला होता.

तिच्या तोंडापर्यंत आलं, की अहो, नीट बघा, मी आहे ना. पण त्याचे डोळे तिनं पाहिले. इतके काळजीनं भरलेले, आणि ती काळजी सगळी तिचीच होती. ते डोळे घाबरवायची तिची छाती झाली नाही.

"त्या पुढं गेल्या," ती म्हणाली. "दीपगृहापाशी थांबल्यात. तो पांढरा खांब दिसतो ना, सरळ तिकडं जा."

"उपकार झाले तुमचे," ड्रायव्हर म्हणाला. सायकल वळवली आणि असा जोरात निघाला, की तिला त्याच्या मागं जाताना पुरेवाट झाली.

दीपगृहाच्या कुंपणाशी मुलगा ठरल्याप्रमाणे गाडी लावून उभा होता. त्यानं बापाला एकट्याला, पुढं, ताठ पाठीनं येताना पाहिलं आणि धावत जाऊन मिठी मारली. ती पोचली तेव्हा तो रडत होता, मोठा बाप्या माणूस. आई, मी हरलो, तो म्हणत होता. घरी चला. मी त्या जागेवाल्यांना नको म्हणून कळवतो, आत्ताच कळवतो.

ड्रायव्हरनं मुलाला ओळखलं. पाठीवर थोपटलं, वाळलास रे म्हणाला. मग चहूकडं बघून विचारलं, "तुझी आई कुठंय?"

मुलगा आधी हसला. बाबांना थट्टेची सवय होतीच. मग त्यानं बाबांच्या तोंडाकडं बघितलं, आईच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याचं हसू गळून पडलं.

ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पैज जिंकलेली होती, मुलानं तोंडानं कबूल केलं होतं. खिडकी, खुर्ची, खिटी, सगळं मनात तयार होतं. पण ज्या घरात तो तिला रोज शोधणार आणि ती समोर बसून गणवेश शिवणार, त्या घरात तो काय राहिला असता आणि ती तरी काय. बाहेर रस्त्यावर शोधायला निघाला, तर तिथं उजव्या हाताला समुद्रही नसणार.

"रस्ता मी सांगितला," ती मुलाला म्हणाली. "टेकाडाच्या पुढं. तिथून परत फिरले होते ते. मीच सांगितला."

मुलानं चपलेच्या टोकानं वाळू उकरली. मग त्यानं विचारलं, "आजच तिथं जायचं, की दोन दिवस घरी..."

"आजच. घरी गेले तर मला जमायचं नाही."

त्यानं सायकली गाडीच्या टपावर बांधायला घेतल्या. ड्रायव्हरची चढवली. निळीला हात घातला तर ती म्हणाली, राहू दे थोडी. मुलानं पुढचं दार उघडलं आणि बापाला बसायला सांगितलं. ड्रायव्हर दाराशी आला आणि तिथंच उभा राहिला. बाबा चला, मुलगा म्हणाला. गोंजारलं, हात धरला. तो हलेना.

"घंटी कुठं झालीय?" ड्रायव्हर म्हणाला. "ती आली नाही अजून. घंटी झाल्याशिवाय गाडी हलत नाही."

मुलगा आईकडं बघायला लागला, लहान असताना बुटाची नाडी सुटली की बघायचा तसा.

तिनं निळी सायकल घेतली आणि गाडीच्या मागं, ड्रायव्हरच्या पाठीशी नेऊन उभी केली. अंगठा घंटीवर ठेवला. त्या फाटकाची कडी तिच्या डोळ्यांसमोर आली. इतके दिवस प्रत्येक चढावर ही घंटी तिनं हसत, चिडत, दम खात दिली होती. आज अंगठा जड झाला होता. वाजवली नाही तर तो संध्याकाळपर्यंत असाच उभा राहील, वाट बघत, हे तिला ठाऊक होतं.

तिनं घंटी वाजवली. एक. आणि मग दुसरी.

ड्रायव्हरचा चेहरा उजळला. "आली बघ," तो मुलाला म्हणाला. "मागंच होती." आणि मान डोलावून तो गाडीत बसला.

मुलानं निळी सायकल टपावर बांधली. ती मागच्या सीटवर बसली, दार हळूच ओढून घेतलं. गाडी सुरू झाली, सडकेला लागली, दोन्हीकडं समुद्र होता. पुढच्या सीटवर ड्रायव्हर ताठ बसला होता आणि हात मांडीवर ठेवून रस्ता बघत होता. त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. तिनंही त्याला हाक मारली नाही.