समुद्राच्या पोटातली ऊब

नानासो विट्याजवळचा. गावातली निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात मुलखभर पांगलेली. नानासो तेवढा शिकला आणि पुण्यात वादळांच्या अभ्यासाला लागला. धाकटा भाऊ केरबा मात्र बायकोला, शालूबाईला, घेऊन आंध्रच्या किनाऱ्यावर गलाईचं दुकान चालवत होता.

सत्त्याहत्तरच्या नोव्हेंबरात केरबाचा ट्रंककॉल आला.

"दादा, मोठं वादळ येतंय म्हनत्यात. शालू म्हनती, आत विजयवाड्याला जाऊ. निघू का?"

नानासोचं गणित तयार होतं. वादळ समुद्र घुसळतं, खालचं गार पाणी वर येतं आणि उबेवर पोसलेलं वादळ उपाशी पडतं. तिथलं पाणी किती खोलवर ऊन आहे, याची मापं मात्र कुणाकडंच नव्हती. त्यानं ती अंदाजानं धरली होती.

"किनाऱ्याला येस्तवर जोर ओसरंल त्येचा," तो म्हणाला. "दुकान टाकून कुठं जातोस? घरातच बसा."

"तू म्हनतोस तर बसतो."

वादळ ओसरलं नाही, माजलं. समुद्र गावात शिरला. केरबा देवळाच्या शिखराला धरून वाचला. शालूबाईचा हात त्याच्या हातातून सुटला, तो सुटलाच.

दिवसकार्याला नानासो गावी आला. केरबा सोप्यात भिंतीला टेकून बसला होता. तो शिव्या देईल, अंगावर धावून येईल, असं नानासोला वाटत होतं. केरबानं शांतपणे विचारलं, "कुठं चुकलं, दादा?"

नानासोनं खाली मान घालून सांगितलं. "खालचं पानीबी ऊनच व्हतं रं. कितीबी घुसळलं तरी वादळाला खाद्यच मिळत गेलं. खाली काय हाय, ते मला ठावं नव्हतं."

"मग 'ठावं न्हाई' एवढंच म्हनायचं हुतंस. आमी निघालो असतो."



पुढं नानासोनं जहाजवाल्यांच्या मागं लागून खोल पाण्याची मापं मिळवली, गणितात समुद्राचं पोट घातलं. अंदाज थोडे सुधारले. किनाऱ्यावरचं कुणी विचारलं, की तो आधी म्हणायचा, "नक्की सांगता येत नाही. तुम्ही निघा."

केरबानं नागपुराकडं नवं दुकान टाकलं. सणासुदीला तो गावी यायचा, भावाच्या पाया पडायचा. वाऱ्यापावसाचं मात्र त्यानं नानासोला पुन्हा कधी विचारलं नाही.