वहिनीचं कोपर

साल एकोणीसशे शहात्तर. वहिनी तेव्हा चाळिशीला टेकली होती आणि तिचं व्हायोलिन ऐकलं नाही असा माणूस शहरात शोधून सापडला नसता. साबणाच्या जाहिरातीत ती, चपलांच्या जाहिरातीत ती, सिनेमातल्या नायिकेच्या रडण्यामागे ती. नाव मात्र कुठेच नाही. कुणी विचारलं, हल्ली वाजवतेस का गं, तर म्हणायची, सकाळी तू ज्या साबणाने आंघोळ केलीस ना, तो मीच वाजवलाय.

खरं तर वहिनी म्हणणारा एकटा तिचा धाकटा दीर, पण त्याचं ऐकून जग म्हणू लागलं. दीर ड्रम वाजवायचा. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. घड्याळजीच्या घरात हा सात, पाच, अकरा असल्या वेड्यावाकड्या मात्रांचा कार्टा कुठून निपजला, असं तो कौतुकानेच म्हणायचा. वहिनी आणि दिराच्या बँडमध्ये ऑर्गनवर होते मास्तर, शाळेत गणित शिकवणारे. इलेक्ट्रिक गिटारवर मुका, म्हणजे बोलता येत असून न बोलणारा. चौघांचाही हात असा, की नुसता एकेकाचा ऐकला तरी पाय निघू नये. रॉकचा दणका आणि रागाची बढत एकत्र गुंफून त्यांनी रचना बांधल्या होत्या. एकेक रचना रेकॉर्डची अख्खी बाजू खायची, आणि त्यात शब्द एकही नाही. मास्तरांच्या जुन्या धुना खपल्या होत्या, त्या भरवशावर एका रेकॉर्ड कंपनीच्या साहेबाने न ऐकताच रेकॉर्ड काढायला होकार दिला. कव्हरवर चौघांची नावं येणार होती. वहिनीचं आयुष्यात पहिल्यांदा.

स्टुडिओची रीत अशी, की ड्रम मधल्या दालनात, बाकी ज्याला त्याला काचेची वेगळी खोली आणि टेपवर वेगळी पट्टी. मागाहून कुणाचा आवाज वाढवा, कुणाचा पुसा. पहिल्याच दिवशी गाडी अडली. सातातून अकरात जाताना दीर दर वेळी खड्ड्यात. मास्तर चिडले. शेवटी दिराने कबूल केलं, की तो मोजतच नाही. घरी तालमीला वहिनी समोर उभी असायची. गज ओढताना तिचं कोपर जिथे खाली येई, तिथे त्याची सम. इथे तिची खोली त्याच्या पाठीमागे पडली होती. इतकी वर्षं मास्तर फळ्यावर आकडे मांडत होते आणि हा पठ्ठ्या कोपर बघत होता.

मग मीच बाहेर येते, वहिनी म्हणाली. रेकॉर्डिस्टने कपाळावर हात मारला. ड्रमसमोर व्हायोलिन वाजवलंत तर ते सगळ्यांच्या माइकमध्ये शिरेल, मागाहून काही निस्तरता येणार नाही, असं त्याने परोपरीने सांगितलं. वहिनीने ऐकून घेतलं, पदर खोचला आणि ड्रमसमोर जाऊन उभी राहिली. तिचं बघून बाकीचेही काचेबाहेर आले. त्यानंतर कुणी अडलं नाही. दिराच्या काठ्या दिसेनाशा झाल्या, मुक्याची गिटार व्हायोलिनचा पाठलाग करत सुटली आणि मास्तर चक्क उभं राहून वाजवू लागले.

साहेबाने ऐकलं आणि विचारलं, हे संगीत आहे की बिघडलेलं वेळापत्रक? मग फर्मान निघालं. व्हायोलिन पुसायचं, तिथे एका गाजलेल्या गायिकेचा आवाज घालायचा. नावं तिघांची राहतील. "तुम्हाला काय बाई, बिननावाची सवय आहेच," असंही वर म्हणाला.

वहिनी टेपच्या यंत्रासमोर खुर्ची ओढून बसली. "पुसा. माझ्यासमोर पुसा."

पुसण्याआधी रेकॉर्डिस्टने व्हायोलिनची पट्टी बंद करून टेप लावली. व्हायोलिन चालूच. जरा लांबून, शेजारच्या खोलीतून आल्यासारखं, पण चालूच. त्याने ड्रमची पट्टी बंद केली, तर ते गिटारच्या पट्टीतून आलं. गिटार बंद केली, तर ऑर्गनच्या.

"ह्यांना काढायचं तर सगळ्यांनाच काढावं लागेल, साहेब," रेकॉर्डिस्ट म्हणाला. पहिल्या दिवशी कपाळावर हात मारणारा तो, आता गालात हसत होता.

साहेब इरेला पेटला. मग तिघांनी पुन्हा वाजवा, बाईंना वगळून. दिराने काठ्या पिशवीत घातल्या. मास्तरांनी ऑर्गनचं झाकण लावलं. आणि मुका बोलला. "नाही," एवढंच.

"जाहिरातीत नाव नसतं ते मी चालवून घेतलं," वहिनी म्हणाली. "हे चालवून घेणार नाही. आहे तसं काढा. आणि आता माझं नाव पहिलं."

रेकॉर्ड येणार असल्याचे फलक दुकानांत लागले होते. माघार घेतली तर साहेबाचंच हसं झालं असतं. रेकॉर्ड निघाली, आहे तशी, वहिनीचं नाव पहिलं.

ती फारशी खपली नाही. साहेब पुढे पंखे विकायला गेला, तिथे त्याचं बरं चाललं. रेकॉर्डिस्टने स्वतःचा स्टुडिओ काढला आणि त्यात काचेच्या खोल्या बांधल्याच नाहीत. मास्तर गेले, त्यांचे विद्यार्थी अजून अकराचा पाढा टेबलावर वाजवून म्हणतात. मुक्याला बडबडी बायको मिळाली आणि तो आणखीच सुखी झाला. घड्याळजी गेला, दुकानाला कुलूप लागलं. वहिनीने नावाशिवाय पुन्हा कधी वाजवलं नाही, म्हणून कामं आटली, तर तिने शिकवण्या धरल्या.

आता तिचं कोपर आखडलंय, गज पेलत नाही. दिराला एका कानाने ऐकू येत नाही. तरी संध्याकाळी ती रेकॉर्ड लावते आणि तो समोर स्टूल ओढून बसतो. खुर्चीच्या हातावर तिचं कोपर जरासं खाली येतं, आणि म्हाताऱ्याची चापट मांडीवर बरोबर समेला पडते.