नदीच्या अलीकडे

ओर्तेन्सियाबाईंनी शवागारातल्या टेबलावरच्या मृत मुलीची हनुवटी वर केली आणि अंगठ्याने गळा चाचपला. आतलं नाजूक हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

"रुबेन, जरा इकडे या. हिचा गळा दाबलाय."

रुबेन साएन्स नाकाला रुमाल लावून दारातच थांबला. टेक्सासच्या त्या सीमेवरच्या काउंटीत डॉक्टर नव्हता, म्हणून मृत्यूचं कारण ठरवायचं काम निवडून आलेल्या या न्यायाधीशाकडे होतं. एरवी त्याचं टायरचं दुकान होतं.

"कुरणात सापडली ना? मग ऊन लागलं."

"पंपाच्या खोलीत सापडली. सावलीत."

"डॉक्टरीणबाई, तुमची डॉक्टरकीची सव्वीस वर्षं नदीपलीकडच्या देशात राहिली. टेक्सासात तुमच्या मताला परवान्याचा कागद लागतो. तो आहे का?"

तो नव्हता. शवागारात त्या मदतनीस होत्या. रुबेनने 'उष्माघात' लिहिलं आणि तो गेला. बाईंनी मुलीचे केस धुतले, गुंता सोडवला, वेणी घातली. नाव कोणालाच माहीत नव्हतं.

दीड वर्षाने नियम बदलला. सीमेवरच्या ज्या काउंट्यांत डॉक्टर मिळत नाही, तिथे परदेशी पदवीवाल्यांना परवाना द्यायचं ठरलं. एकच अट होती: परवान्याआधी या राज्यात डॉक्टरकी केलेली नाही, असं शपथेवर लिहून द्यायचं. ओर्तेन्सियाबाईंनी दिलं. एकसष्टाव्या वर्षी त्यांच्या नावाची पाटी पुन्हा दारावर लागली आणि मृत्यूचं कारण ठरवायचं काम त्यांच्याकडे आलं. त्या महिन्यात रुबेनने उष्माघात ठरवलेल्या दोघांचे खून त्यांनी उघडकीला आणले. तो रस्त्यात भेटला की तोंड फिरवायचा.

मग एका सकाळी ग्वातेमालाहून फिदेलिना नावाची बाई आली. वेणी घातलेल्या त्या मुलीची ती आई; मुलीची ओळख पुरलेल्या हाडांवरून पटली होती. मारिसेला तिचं नाव.

"वकील म्हणाले, गळा दाबल्याचा संशय आहे; तसं कोणी डॉक्टरने लिहून दिलं तर चौकशी पुन्हा उघडेल," ती म्हणाली. "हाडं उकरून पाहिली, पण गळ्यातलं ते छोटं हाड त्यात हरवलं. आता ज्याने तेव्हा पाहिलं, त्यानेच सांगायला हवं. शवागाराचे मालक म्हणाले, तुम्ही होतात."

बाईंनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. बाहेरच्या बाकावर तिघंजण ताटकळत होते. प्रत्येकाचं कोणी ना कोणी आत, थंड खोलीत होतं. परवान्याआधी गळा तपासल्याचं लिहून दिलं तर शपथ खोटी ठरणार, परवाना जाणार; मग ते सगळे परत रुबेनच्या हाती.

"मी होते," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा मी डॉक्टर नव्हते."

"डोळे तर होते ना, बाई?"

ओर्तेन्सियाबाईंनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर कोणीतरी खोकलं.

"गळा मी पाहिला नाही."

फिदेलिनाने पिशवीतून रुमाल काढला, पण डोळे पुसले नाहीत. नुसता घडी घालून पुन्हा ठेवला.

"मग काय केलंत तुम्ही तिचं?"

"केस विंचरले."

फिदेलिना उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिने डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात धरले आणि त्या हातांचं चुंबन घेतलं.

"देव तुमचं भलं करो," ती म्हणाली. "माझ्या लेकीजवळ कोणीतरी चांगलं माणूस होतं."

बाईंना हात सोडवून घेता येईना.