कडूच लागते

“नीट चाव अन् सांग, कडू लागते का गोड?” उकंडरावांनी कडुलिंबाचा पाला कौशल्येच्या तोंडात कोंबला.

पेरणी चालू असताना शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, तिला साप चावला होता. उकंडराव वडनेरचे विष उतरवणारे. पाला गोड लागला तर विष भिनलं, कडू लागला तर भीती नाही, हा त्यांचा कायदा. नागपूरच्या लाटसाहेबाचा कायदा त्यानंतर!

“कडू लागते,” कौशल्या म्हणाली.

सासूचा, गोजरबाईचा, जीव भांड्यात पडला. सून वाचली आणि पेरणीजोगा ओलावा, वाफसाही वाचला. आज पेरलं तर साधलं, नाही तर साल गेलं. वैजनाथ बायकोकडे एकवार बघून तिफणीकडे वळला.

पण पोरीच्या पापण्या खाली येत होत्या. पाऊल टम्म सुजलं होतं, आवाज नाकातून येत होता.  गोजरबाईनं शिदोरीतला गुळाचा खडा काढला आणि पाला म्हणून सुनेच्या तोंडात घातला.

“आता वं?”

“कडूच लागते, आत्याबाई.”

“अवं, गूळ हाये तो! खोटं काऊन बोलतं?”

“बैल नका सोडू... वाफसा जाईन.”

लग्न होऊन आल्यापासून या पोरीनं दुखलंखुपलं कधी तोंडातून काढलं नव्हतं. सून असावी तर अशी, म्हणून गोजरबाई गावभर मिरवत होती. त्या मिरवण्याची आता तिला लाज वाटली.

“वैजनाथ, बैल सोड! बंडी जुंप! मलकापूरच्या दवाखान्यात सापावरची सुई हाये म्हणते.”

“डागदराकडे नेसान तर माहा मंतर तुटन,” उकंडराव गुरगुरले. “मंग तुमच्या दारात पाय नाही ठेवणार मी.”

“नका ठेवू! पोरगी मरून राह्यली माही!”

वाटभर गोजरबाईनं तिला कुशीवर धरून ठेवलं. तोंडातली लाळ पदरानं पुसायची, नाकापुढे बोट धरायचं, आणि वैजनाथवर ओरडायचं, “हाण रे, हाण!”

डॉक्टरांनी सुई दिली. “आता वाट पाहायची,” म्हणाले. गोजरबाई खाटेशी जमिनीवर बसली. सगळ्या देवांना नवस बोलून झाले. नुसती सुनेची छाती वर होते का, ते बघत राहिली.

दिवेलागणीला कौशल्येच्या पापण्या उचलल्या.

“आत्याबाई...”

“ओ माय, बोल!”

“पाय लय दुखून राह्यला.”

गोजरबाईनं तिचा हात दोन्ही हातांत धरला. “दुखते ना? मंग रड बाई! मोठ्यानं रड!”

परक्या गावात, चार परक्या माणसांसमोर, कौशल्या लेकरासारखी मोठ्यानं रडली. तिला कोणी गप्प केलं नाही.