ओठाशेजारचा तीळ

ही गोष्ट २००४ सालची, डॅन्यूबकाठच्या लोम गावातली. दाफिनाचा ओग्न्यान नदीत बुडाला, त्याला त्या सप्टेंबरात तीन वर्षं झाली.

तिकडची रीतच अशी: माणूस गेलं की त्याच्या फोटोचं पत्रक फाटकावर, बसथांब्यावर चिकटवायचं. मग चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, दर वर्षाला पुन्हा. ओग्न्यानचा धड असा एकच फोटो होता, हसतानाचा. पत्रकं छापणारा लुबेन त्याच्याच वर्गातला. “कॉम्प्युटरात घेतलाय, मावशी. आता कुठे जात नाही,” तो म्हणाला होता. म्हणून ओग्न्यान गेला त्याच वर्षीच्या हिवाळ्यात नवराही गेला तेव्हा दाफिनाने तो फोटो त्याच्या हाताखाली शवपेटीत ठेवला. बापाजवळ लेक असू दे.

तिसऱ्या वर्षाचं पत्रक ती फाटकाला लावत होती. शेजारची वासिल्का थांबली.

“काय गं, तुझा पोरगा दर वर्षी तरुण होत चाललाय! नाहीतर आपली तोंडं बघ, नांगरलेली.”

दाफिना हसली. मग तिने चष्मा लावला. ओठाशेजारचा तीळ नव्हता. गालांवर बारीक बारीक चौकोन उठले होते.

खळ लागलेल्या हातांनीच ती लुबेनच्या दुकानात गेली.

“तीळ कुठाय?”

“कसला तीळ?”

“आठ वर्षं त्याच्या बाकावर बसलास आणि कसला तीळ विचारतोस, मेल्या?”

लुबेनने पडद्यावर चेहरा मोठा करून पाहिला.

“मावशी, दर वेळी जुनंच पत्रक उघडून तारीख बदलायचो, पुन्हा साठवायचो. जागा कमी लागावी म्हणून दाबून साठवतो, त्यात दर खेपेला चित्रातलं थोडं गळतं.”

“काहीच गळणार नाही असं साठवता येत नाही?”

“येतं. चादरीची घडी घालावी तसं. उलगडली की जशीच्या तशी. जागा मात्र जास्त लागते.”

“केवढी?”

टेबलावरच्या सीडीवर त्याचा कॉफीचा कप होता. त्याने तो उचलला. “हिच्यावर मावला असता.”

“पहिलं पत्रक तरी असेल?”

“त्याच्यावरच साठवत गेलो.” त्याने मान खाली घातली. “मूळ फोटो आणा ना, मावशी. पुन्हा घेतो, नीट.”

“तो त्याच्या बापाकडे आहे.”

तिने पेन मागून घेतलं. पत्रकांचा गठ्ठा पुढे ओढला, पेन ओग्न्यानच्या तोंडाजवळ नेलं आणि तिचा हात थांबला.

“डावीकडे होता की उजवीकडे रे?”

“डावीकडे,” लुबेन म्हणाला. “बहुतेक.”

तिला उजवीकडे वाटत होता. तिने डोळे मिटून पाहिलं, स्वतःच्या गालाला बोट लावून पाहिलं. मग पेन ठेवून दिलं.

त्यानंतर लुबेन प्रत्येकाचा फोटो न गळणाऱ्या पद्धतीने साठवायला लागला, तोही दोन-दोन सीडींवर. पुढे दुकान बंद करून तो स्पेनला गेला. सीडींची पेटी बरोबर नेली. दाफिना २०११ साली गेली. तिचं पत्रक त्यानेच तिकडून करून पाठवलं, वासिल्काने चिकटवलं. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. वासिल्का अजून आहे, कबरीवरचं गवत काढते. ओग्न्यानच्या दगडावर फोटोसाठी कोरलेली लंबगोल जागा आहे. ती रिकामीच राहिली.