देवाप्पासाहेबांनी मुलाखत घेतलेला कोट

मित्रांनो, देवनहळ्ळीच्या बाजूच्या पंधरा खेड्यांत वीज आली ती माझ्यामुळे! म्हणजे आणली वीज कंपनीने. मी त्या वेळी खुंटीला टांगलेला होतो. मी एक जुना कोट आहे. रंग करडा, बटणे तीन, त्यांतली दोन सख्खी.

चामराजपेटेतल्या मल्लाप्पा शिंप्याने मला १९५१ साली गुंडूरावांच्या लग्नासाठी शिवले. लग्न गुंडूरावांना फारच मानवले आणि वर्षभरात ते माझ्यात मावेनासे झाले. मग गल्लीतला जो कोणी वीज कंपनीत मुलाखतीला जाईल, त्याला ते मला देऊ लागले. तिघे मला घालून गेले, तिघांनाही नोकरी लागली. तेव्हापासून गल्लीत माझी कीर्ती झाली. निघताना बायका मला कुंकू लावीत. त्या डागांनाही लोक शुभ म्हणत.

१९५९ साली विद्याधरची पाळी आली. तो त्याच कंपनीत ओव्हरसियर होता. लाइनमनांबरोबर सगळी खेडी पायी तुडवलेला. कंपनीला त्या पंधरा खेड्यांच्या वीज कार्यक्रमासाठी व्यवस्थापक हवा होता. आधीच्या दोन बढत्या विद्याधरच्या हातून गेल्या होत्या आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी होती.

"गुंडूअण्णा, बाह्या स्वल्प आखूड होतायत," तो म्हणाला.

"मग हात टेबलाखाली ठेव. नोकरी काय बाह्यांना द्यायचीय?"

"दोनदा कोटाशिवाय गेलास, काय दिवे लावलेस?" असे म्हणत त्याच्या आईने, सावित्रीबाईंनी, त्याच्या हातावर दही घातले.

मुलाखतीला समोर कंपनीचे देवाप्पासाहेब होते. विद्याधरने पंधरा दिवस इंग्रजी उत्तरे पाठ केली होती. पहिल्या प्रश्नाला त्याने दुसऱ्याचे उत्तर दिले, दुसऱ्याला पहिल्याचे. माझे अस्तर घामाने भिजले. साहेबांनी चष्मा पुसला आणि त्याच्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहिले.

"या कोटाची मी तीनदा मुलाखत घेतली आहे," ते कन्नडमध्ये म्हणाले. "तिन्ही वेळा पास केला. आज आतला माणूस बघू. काढा तो."

मी खुंटीला गेलो. गेली बिचाऱ्याची नोकरी, असे मला वाटले.

"आता सांगा. खांब कमी आहेत. पहिली तार कुठे ओढाल?"

पाठ केलेले इंग्रजी माझ्याबरोबरच उतरले असावे. विद्याधर सरळ कन्नडमध्ये बोलू लागला. "पिठाच्या गिरणीपाशी, साहेब. बाया दळणाला चार-चार मैल चालतात. एक गिरणी चालू झाली की शेजारची गावं खांबांचे खड्डे स्वतः खणून देतील."

"आणि गावचा गौडा, म्हणजे पाटील, रुसला तर?"

"दळण त्याच्याही घरी लागतं की! गिरणीचं बटण त्यालाच दाबायला बोलावू."

साहेब हसले. मग अर्धा तास दोघे खेडी, ओढे आणि खांब यांवर बोलत होते. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

नेमणूक विद्याधरचीच झाली. गल्ली म्हणाली, "कोटाचा गुण!"

"अहो, तो खुंटीवर होता!" विद्याधर सांगत राहिला.

"खुंटीवरून का होईना," सावित्रीबाई म्हणाल्या, "लक्ष होतं ना त्याचं तुझ्यावर?"

पुढे विद्याधर स्वतः मुलाखती घेऊ लागला आणि आल्याआल्या उमेदवाराला कोट काढायला सांगू लागला. त्यामुळे मला कोणी नेईनासे झाले. तेव्हापासून मी ट्रंकेत आहे. राग नाही. त्या दिवशी मी अंगावर राहिलो असतो, तर पंधरा खेडी अजून कंदील पुशीत बसली असती.

तेव्हा मित्रांनो, माणसाची पारख त्याच्या कपड्यांवरून करू नका. आणि संक्रांत झाली की मला एकदा उन्हात घाला. मात्र उलटा करून घाला. उन्हाने चेहरा विटतो.